उजव्या भिंतीवरचा खटका

"मीठ वाढलं नाहीस," चिदंबर म्हणाले.

मी रसमचं भांडं खाली ठेवून पाहिलं. मीठ होतं. केळीच्या पानाच्या डाव्या टोकाला, जिथे मी लग्न होऊन आल्यापासून ते वाढत आले आहे, तिथेच चिमूटभर पांढरं मीठ होतं आणि त्याला लागून लिंबाचं लोणचं.

"आहे की."

"कुठे?"

मी पान थोडं फिरवलं. मीठ त्यांच्या समोर आलं. "आता वाढलंस होय," म्हणत त्यांनी ते घेतलं आणि जेवू लागले.

मी वाद घातला नाही. मी मुलींच्या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवत होते, आणि एकदा दिसलेल्या गोष्टीला निष्कर्ष म्हणायचं नाही, हे दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत होते. दुसऱ्या दिवशी मीठ मुद्दाम उजवीकडे वाढलं. काही न बोलता त्यांनी ते घेतलं. नंतर पुन्हा डावीकडे वाढलं, तर पुन्हा मागितलं. पान उचलताना मी पाहू लागले. उजवा भाग स्वच्छ असायचा. डावीकडची घेवड्याची भाजी जशीच्या तशी, आणि मध्ये जणू कुणी बोटाने रेघ ओढलेली.

डोळे नुकतेच तपासून झाले होते. डॉक्टरांनी दोन्ही डोळे उत्तम असल्याचं सांगितलं होतं आणि चिदंबर ते येईल-जाईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून ऐकवत होते. "अखिलापेक्षा माझी नजर बरी. तिला सुईत दोरा घालायला मीच लागतो." ते खरंच होतं. पण डोळा फक्त आणून देतो. आलेलं घ्यायचं की दारातच सोडायचं, ते आत ठरतं. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा ते तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, बसल्या बसल्या एका अंगाला कलले होते. ऊन लागलं म्हणून आम्ही ताक दिलं होतं, आणि संध्याकाळी ते बाजारातही जाऊन आले होते. तो प्रसंग मला आता वारंवार आठवू लागला.

त्याच आठवड्यात आमच्या घरात त्या यंत्राचं बोलणं सुरू झालं.

चिदंबर साखर कारखान्याच्या दुरुस्ती विभागात होते. निवृत्तीनंतर ते वीणा बनवणाऱ्यांसाठी पितळेचे बारीक स्क्रू आणि खुंट्यांच्या कड्या करून देतात. त्यासाठी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ रिकामा होण्याची वाट पाहत बसावं लागतं, आणि हा माणूस आयुष्यात कुणाची वाट पाहून शांत बसलेला नाही. घरात समोरची एकच खोली मोकळी होती. तीत लेथ बसला तर मिलिंगचं यंत्र बसत नव्हतं, मिलिंगचं बसलं तर लेथ बाहेर राहत होता. तेवढ्यात त्यांच्या शाळेतल्या मित्राचा, वेंकटरावांचा, फोन आला. त्यांच्या थोरल्या भावाचं, तुकोजींचं, यंत्र विकायचं होतं. लेथ आणि मिलिंग, दोन्ही एकाच अंगात.

"म्हणजे नेमकं कसं?" मी विचारलं.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर पेन आडवं ठेवलं. "हा लेथ. डावीकडे चक. चक म्हणजे जबडा, तो पितळेची सळई धरून गरगर फिरवतो आणि हत्यार पुढून तिला सोलत जातं. आता इथे," त्यांनी पेनाच्या मागे उजवीकडे पाण्याची बाटली उभी केली, "हा खांब. खांबावर मिलिंगचं डोकं. इथे काम स्थिर असतं आणि वरून कटर फिरतो. खालची बैठक, म्हणजे बेड, एकच."

"मग दोन्ही एकदम चालतात?"

"छे. हे चालू तर ते बंद. शिवाय दर वेळी एकाचं सामान उतरवायचं, दुसऱ्याचं चढवायचं. दोन जावांना एक चूल दिल्यासारखं आहे."

"आणि खांब एवढा बारीक? हलणार नाही?"

"पोलाद कापताना हलेल. पितळ कापताना नाही. मला काय रणगाडा करायचाय?"

ते हसले. मीही हसले. ते बऱ्याच दिवसांनी असे बोलत होते, म्हणून मी आणखी प्रश्न विचारत राहिले. मग आम्ही समोरच्या खोलीत खडूने यंत्राची जागा आखली. टेपचं एक टोक धरून मी डावीकडे उभी होते, ते उजवीकडे. माझ्या बाजूची रेघ मी मारली, बाकीच्या त्यांनी. चौकोन पुरा झाला तेव्हा ते त्याच्यासमोर उभे राहिले आणि डावा हात सहज हवेत टेकवला, जिथे चक येणार होता तिथे.

माझं लक्ष त्या हाताकडे होतं. त्यांचं नव्हतं.

*

राजवाड्यामागच्या गल्ल्या अरुंद आहेत, स्कूटर नको, रिक्षाने जाऊ, असं मी सांगितलं. खरं कारण स्कूटरच्या डाव्या बाजूला होतं. तिथे आरशापासून पायाच्या पट्टीपर्यंत नवे ओरखडे होते. त्यांना विचारलं तर कुणीतरी बाजारात घासून गेलं असणार, असं ते म्हणाले होते.

वेंकटराव दारातच उभे होते. बुटके, बोलके, शर्टाच्या खिशात दोन चष्मे.

"ये रे चिदंबर. वैनी, या. एवढ्या उन्हात याला कशाला आणलंत, सावलीतलं झाड आहे ते."

"झाड नाही, खांब," चिदंबर म्हणाले. "तुमच्या यंत्रापेक्षा जाड आहे."

"अजून पाहिलं नाही तोवर नावं ठेवायला लागला. सरी, ठीक आहे, भाव पाडायचा म्हणजे सुरुवात अशीच करावी लागते."

"तुकोजी अण्णा कुठे आहेत?" मी विचारलं.

"अण्णा कोइंबतूरला. मुलीकडे." वेंकटराव चपला काढत होते, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसलं नाही. "त्यांना आता हे सगळं नको वाटतं. वय झालं. यंत्र तसं नवंच आहे. फारसा हात लागलेला नाही त्याला."

यंत्र मागच्या पडवीत होतं. तिथे स्वयंपाकघराचं दार उघडत होतं आणि दारात तुकोजींच्या पत्नी सरोजा उभ्या होत्या. त्यांनी मला हसून हात जोडले, पण पडवीत पाऊल टाकलं नाही. आम्ही तिथे होतो तोवर त्यांनी तो उंबरठा ओलांडला नाही.

चिदंबरनी लगेच शर्टाच्या बाह्या वर केल्या. बेडवरून बोट फिरवलं, चक हाताने फिरवून कान लावला, खांबाला खांदा लावून जोर दिला. मीही पाहत होते. यंत्रातलं मला कळत नाही, पण एखादी वस्तू कशी वापरली गेली ते खुणांवरून वाचता येतं.

पहिली खूण म्हणजे चकवरचं झाकण नव्हतं. त्याच्या बिजागरीची भोकं तेवढी होती, आणि भोकांच्या कडाही गंजल्या होत्या. झाकण काढून बराच काळ लोटला होता.

दुसरी खूण मला समजायला थोडा वेळ लागला. यंत्राचा खटका यंत्रावर नव्हता. जिथे तो असायला हवा तिथे पत्र्याचा तुकडा ठोकला होता, आणि तिथून एक जाड वायर निघून उजवीकडच्या भिंतीवर गेली होती. तिथे एका डबीत खटका होता. मध्ये ठेवला की बंद, एका बाजूला फिरवला की लेथ, दुसऱ्या बाजूला मिलिंग. कोणती बाजू कशाची, ते एके काळी रंगाने लिहिलेलं असावं. आता तिथे फक्त बोटांनी घासून चकचकीत झालेला पत्रा होता. यंत्रासमोर उभं राहून मी हात लांब करून पाहिला. खटका हाताला येत नव्हता.

"इतक्या लांब का?" मी वेंकटरावांना विचारलं.

"अण्णांची काहीतरी सोय असेल. त्यांचं डोकं चालायचं त्यांचंच."

समोरून यंत्र रॉकेलने पुसून लख्ख केलं होतं. मी कडेने वळून यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या फटीत डोकावले आणि फोनचा दिवा लावला.

कुंकू तिथे होतं.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्याच दिवशी तमिळ शेजारीपाजारी आयुधपूजा करतात, बसला केळीचे खांब बांधतात, संगणकालासुद्धा गंध लावतात. आम्हीही तेच करतो. पण राजवाड्याभोवतीच्या आमच्या जुन्या मराठी घरांत आणखी एक रीत आहे, जी मी इतर कुठे पाहिली नाही. ज्या हत्याराने घरच्या माणसाचं रक्त काढलं असेल, त्याला त्या नवमीला समोरून कुंकू लावत नाहीत. पाठीवर लावतात आणि पूजेत त्याचं तोंड भिंतीकडे करतात. एका वर्षी सासूबाईंचं बोट विळीवर चिरलं होतं. त्यांनी पाटावर विळी उलटी ठेवली आणि कुंकवाचं बोट तिच्या पाठीवर टेकवलं. "वर्षभर तोंड दाखवू नकोस म्हणावं," असं त्या म्हणाल्या होत्या. माझं बोट कधी कापलं तर त्या आधी विळीकडे रागाने बघत आणि मग माझ्याकडे.

फटीत, चकच्या मागच्या लोखंडावर, कुंकवाचा एक मोठा ठिपका होता. गंधाची कड वाळून तडकली होती, पण रंग अजून लाल होता. गेल्या नवमीचाच. वेंकटरावांनी गिऱ्हाइकासाठी समोरची बाजू पुसली होती. पाठीमागचं पुसायला त्यांचा हात धजला नसावा, किंवा तिथे कोण डोकावतंय, असं त्यांना वाटलं असावं. माझ्यापासून लपवलेलं त्यांनी देवीपासून लपवलं नव्हतं.

मी दिवा बंद केला.

*

सरोजांनी कॉफी केली. उंबरठ्याच्या आतूनच त्यांनी आम्हा तिघांना पेले दिले. त्यांनी चौथा पेला भरला, वाटीत ठेवला आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीच्या दाराशी नेला. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून एक हात बाहेर आला आणि त्याने पेला घेतला.

डावा हात होता. सत्तरीच्या माणसाचा, रुंद मनगटाचा, नखांच्या कडांना कायमचं काळं तेल मुरलेला. आमच्यात डाव्या हाताने कुणी कुणाकडून पाणीसुद्धा घेत नाही. लहान मुलाने घेतलं तर त्याच्या हातावर चापट बसते. त्या हाताने पेला सवयीने घेतला आणि दार लोटलं गेलं.

चिदंबरनी ते पाहिलं नव्हतं. दार त्यांच्या डावीकडे होतं.

"मिलिंग चालवून पाहतो," ते पेला ठेवून उठले. "लेथ तर हाताला कळतोच. कटर डुगडुगतो का ते पाहायचं."

यंत्रासमोर ते उभे राहिले. मान उजवीकडे वर, कटरच्या टोकावर नजर. उजवा हात खांबाच्या चाकावर. खटका त्यांच्याही हाताला येईना.

"अखिला, तू जा तिकडे. मी सांगितलं की फिरव."

मी भिंतीशी गेले. खटका थंड होता आणि माझ्या बोटांत बरोबर बसला. इतका बरोबर की मी आधी तोच विचार केला: हा याच उंचीवर, माझ्याएवढ्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर, का बसवला असेल? मग मी चिदंबरकडे पाहिलं.

त्यांचा डावा हात चकवर होता. बोटं जबड्याच्या दोन दातांच्या मध्ये सैल सोडलेली, जशी कुणी खुर्चीच्या हातावर सोडतं. त्यांची नजर कटरवर होती, चेहरा उत्सुक. आणि माझ्या बोटांखालच्या पत्र्यावर कुठलीच बाजू लिहिलेली नव्हती.

"फिरव," ते म्हणाले.

"आधी हात काढा."

"कुठला हात?"

त्यांनी उजवा हात चाकावरून उचलून मला दाखवला, थोडं वैतागून. तो पुन्हा चाकावर ठेवला. डावा तिथेच होता.

"हा घे, काढला. आता फिरव."

मी वाकून भिंतीतला प्लग उपटला. मग यंत्राला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि तो हात मनगटाला धरून उचलला. ते दचकले, जणू मी अचानक हवेतून आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, मग चककडे. वेंकटराव खुर्चीतून अर्धवट उठले होते आणि तसेच राहिले होते.

चिदंबरनी तो हात शर्टाला पुसला. मग हसले.

"बघ, म्हणूनच खटका लांब आहे. चालवणाऱ्याचं लक्ष कामावर, दुसऱ्याचं चालवणाऱ्यावर. तुकोजी अण्णा हुशार माणूस." ते वेंकटरावांकडे वळले. "मला ही व्यवस्था आवडली. अखिला खटक्यावर राहील. तिच्याइतकं नीट पाहणारं माणूस मला गावात मिळायचं नाही."

"मग प्रश्नच मिटला," वेंकटराव म्हणाले, पण फार हळू.

मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. ते मला त्या खोलीत, त्या चौकोनात, आपल्या कामात जागा देत होते. मी उभी राहीन, मी पाहीन, माझं लक्ष ढळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मी तासन्‌तास पेशी मोजल्या आहेत. त्यांची डावी बाजू मी होईन. यात अशक्य असं काय होतं?

रिकामे पेले गोळा करून मी स्वयंपाकघरात नेले. सरोजा तबकात विडा मांडत होत्या. पानं, सुपारी, वर विसाराचं नाणं ठेवायला मोकळी जागा. आमच्याकडे व्यवहार बोलून ठरत नाही. घेणाऱ्याने आपल्या हाताने विडा उचलून नाणं ठेवलं की ठरतो.

"अक्का," सरोजा पानाचं देठ खुडत म्हणाल्या, "ते कोइंबतूरला नाहीत."

"माहीत आहे. पाठीवरचं कुंकू पाहिलं मी."

त्यांनी मान वर केली. मग पुन्हा पानांकडे पाहिलं.

"भाऊजींनी सांगू नका म्हटलं होतं. मी लावलं ते कुंकू. दुसरं कोण लावणार?" त्या इतक्या सपाट आवाजात बोलत होत्या की मला थोडं पुढे वाकावं लागलं. "खटका माझ्यासाठीच तिकडे नेला होता. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू यायचं, एकट्याने भीती वाटायची. मी उभी राहायची. कितीतरी वर्षं उभी राहिले. कधी चुकले नाही."

"मग?"

"ते चकमध्ये किल्ली घालून सळई आवळत होते. इकडे कुकरची शिट्टी झाली. मी मान वळवली." त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवून दाखवली, आणि तिच्याबरोबर त्यांचा देठ धरलेला हातही तेवढाच वळला. "हात पण वळला. एवढंच."

चुलीवर दूध होतं. ते वर येऊ लागलं तशा त्या वळल्या आणि त्यांनी गॅस कमी केला.

"तुम्ही लक्ष ठेवाल," त्या माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या. "मीही ठेवत होते."

*

तबक मीच बाहेर घेऊन आले. चिदंबर आणि वेंकटराव बाकावर बसले होते, चिदंबर मधोमध, वेंकटराव त्यांच्या उजवीकडे. यंत्र घरी कसं न्यायचं, छोटा टेम्पो गल्लीत शिरेल का, असं चाललं होतं. मी पुढे होऊन तबक बाकावर ठेवलं. चिदंबरच्या डाव्या मांडीला लागून.

त्यांना लाज आणायची नव्हती. दुसरा मार्ग मला त्या क्षणी सुचला नाही.

"हं, तर मग," चिदंबरनी खिशातून नाणं काढून तळहातावर धरलं. समोर पाहिलं. उजवीकडे पाहिलं. "अखिला, तबक आण की."

मी जागची हलले नाही.

"सरोजा वैनी, विडा झाला का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. "मुहूर्त टळायचा तुमचा."

वेंकटरावांनी वाकून तबकाकडे पाहिलं. मग चिदंबरच्या चेहऱ्याकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या खिशातले दोन्ही चष्मे खाली घसरले आणि ते त्यांनी उचलले नाहीत.

"काय झालं?" चिदंबर म्हणाले. "सगळे असे का बघताय?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. तुकोजी बाहेर आले. उजव्या बाहीचं टोक कोपराखाली दुमडून टाचणीने अडकवलं होतं. ते सावकाश पडवीत आले, यंत्राकडे न पाहता यंत्राजवळून गेले, बाकाशी वाकले आणि डाव्या हाताने तबक उचललं. पानं सरकली, पण पडली नाहीत. तबक घेऊन ते आत गेले आणि दार लागलं.

तबक चिदंबरच्या नजरेसमोरून गेलं तेव्हा त्यांना ते दिसलं. ते कुठून आलं हे त्यांना कळलं नाही. मूठ मिटून नाणं तसंच धरून ते बराच वेळ आपल्या डाव्या मांडीशेजारच्या रिकाम्या बाकाकडे पाहत राहिले.

"नको रे, चिदंबर," वेंकटराव म्हणाले. "हे तुला द्यायचं नाही मला."

*

मी त्यांना तिरुच्चीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मेंदूच्या चित्रात उजव्या बाजूला एक काळसर डाग होता. ताकाच्या पेल्याने आम्ही ज्याची समजूत घातली होती, तो हाच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगलं समजावून सांगत होत्या. डोळे पाहतात, पण मेंदू डावीकडच्या जगाची दखल घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही राहून गेलं आहे, हेही तो कळू देत नाही. पुष्कळदा सुधारतं. मान वळवून बघायची सवय लावा. स्कूटर नको. यंत्र तर नकोच.

चिदंबरनी सगळं नीट ऐकलं. घरी येऊन स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. जेवताना मान वळवून मीठ शोधू लागले आणि सापडलं की माझ्याकडे विजयाने पाहू लागले. मी मीठ डावीकडेच वाढत होते. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. काही दिवस ते खरंच न चुकता सापडलं. मग कधी सापडे, कधी नाही. पण मागणं मात्र त्यांनी बंद केलं. अळणी जेवू लागले आणि तक्रार केली नाही. हे मला आधीच्या मागण्यापेक्षा वाईट वाटलं.

यंत्राचा विषय त्यांनी काढला नाही. खडूचा चौकोन पायांनी पुसट झाला होता. मी तो मुद्दाम झाडून टाकला नाही. आपोआप जाऊ दे म्हटलं.

परवा मी पेन्शनच्या कामासाठी सकाळी बँकेत गेले. परत आले तेव्हा घरात रंगाचा वास होता. समोरच्या खोलीत चिदंबर गुडघ्यावर बसले होते, हातात ब्रश, शेजारी पिवळ्या रंगाचा डबा. कारखान्यात यंत्राभोवती मारतात तसा पिवळा. उजवीकडच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, खटक्याची नवी पांढरी डबी बसवलेली होती. तिच्या खाली प्लास्टरचा चुरा पडला होता.

"वेंकटरावाचं नाही," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "ते तू म्हणतेस तसं रक्त लागलेलं. हे नवं मागवलंय, कोइंबतूरहून. लेथ-मिलिंग एकत्रच, पण चकवर झाकण आहे. शुक्रवारी येतंय. पाठ कोरी असेल बघ त्याची, हवं तर दिवा लावून बघ."

त्यांचा आवाज आर्जवी होता. मी रागावेन अशी त्यांना भीती होती, आणि मी रागावले नाही तर किती आनंद होईल हेही त्यात होतं.

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"सुधारतं म्हणाल्या. सुधारलंय. हे बघ, टेप धरायलासुद्धा कुणी नव्हतं, एकट्याने केलं. एक थेंब बाहेर नाही." ते उठले, कमरेवर हात ठेवून मागे सरकले. "चारी बाजू सरळ."

मी पाहिलं. समोरची रेघ सरळ होती. मागची सरळ होती. उजवीकडची, खटक्याच्या भिंतीलगतची, इतकी नेटकी की पट्टी लावल्यासारखी. पुढची आणि मागची रेघ डावीकडे येत येत हळूहळू बारीक होत गेली होती आणि मध्येच संपली होती. तिथून पुढे नुसती फरशी होती, आणि तिच्यावर माझ्या जुन्या खडूच्या रेघेचा पुसट माग.

कुकर लावायचा होता. मी पर्स खांद्यावरून काढलीसुद्धा नव्हती.

"एक बाजू राहिलीय," मी म्हणाले.

त्यांनी चौकोनाकडे पाहिलं. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मान सावकाश डावीकडे वळवली, पुन्हा उजवीकडे आणली, आणि मला बरं वाटावं म्हणून पुन्हा एकदा वळवली. मग ब्रश डब्यात बुडवून, रंग गळू नये म्हणून खाली तळहात धरून, माझ्याकडे पाहत उभे राहिले.

"कुठली?" त्यांनी विचारलं.